छपराची मुदत

गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिले तर पंधरा दिवसांत तिथल्या कचेरीचे पत्र येईल, मी त्याला उत्तर देईन, माझ्या उत्तराला त्यांचे उत्तर येईल, आणि आमच्या डॉक्टरांनी रक्तदाबापायी जी एकच गोष्ट मला वर्ज्य सांगितली आहे तिला पुन्हा आरंभ होईल. एवढेच सांगतो, की बर्लिनहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीने एका लहानशा स्थानकावर उतरावे, तिथून दिवसातून मोजक्या वेळा सुटणारी बस धरावी, आणि मेक्लेनबुर्गच्या सपाट शेतांतून जाता जाता तळ्यापलीकडे लाल कौलांचे एक अजस्र, दमलेले छप्पर दिसू लागले की उतरण्याच्या तयारीस लागावे. त्या छपराखाली मी माझ्या तारुण्यातली सव्वा-दीड वर्षे काढली. युरोची नाणी तेव्हा नवीकोरी होती, आणि गावातली बेकरीवाली बाई प्रत्येक पावाची किंमत मनाशी दुप्पट करून मार्कांत बोलून दाखवी, वर एक सुस्कारा टाकी.

पुण्यात वकिलीची पदवी घेऊन मी बर्लिनला पुढचे शिकायला निघालो होतो. विद्यापीठाने आधी जर्मन भाषेची परीक्षा द्या असे कळवले, आणि आईने फोनवरून परस्पर ठरवून टाकले, की भाषा येईपर्यंत अवीने सुलभाकडे राहावे. सुलभामावशी ही आईची धाकटी बहीण. ती हायडेलबर्गला ग्रंथपाल होती. तिथेच इंग्रजी शिकवणाऱ्या डेक्लन नावाच्या एका आयरिश गृहस्थाशी तिने लग्न केले होते, आणि नोकऱ्या संपल्यावर दोघे हायडेलबर्गची राहती जागा विकून या आडगावी येऊन राहिली होती. नात्याने ते माझे काका. उंच, किंचित पोक आलेले, जाड भिंगांचा चष्मा आणि घरातही लोकरी टोपी घालणारे. त्यांना मराठी समजत असे. बोलायला मात्र ‘बास’, ‘पुरे’ आणि ‘जेवायला चला’ एवढाच ऐवज त्यांच्याजवळ होता. आमचे बोलणे इंग्रजीत चाले, त्यात मावशीचे मराठी आणि बाहेरच्या जगाचे जर्मन मिसळलेले असे. इथे ते मी सरसकट मराठीत देतो.

अशा घराला तिकडे गुट्सहाउस म्हणतात. जहागीरदाराचा वाडा म्हटले तरी चालेल. महायुद्ध संपताना जहागीरदार बायकामुलांसह पश्चिमेला पळाला, नव्या राजवटीने त्याची जमीन तुकडे करून वाटली, आणि त्याच्या दिवाणखान्यात पूर्वेकडून हाकलून दिलेल्या निर्वासितांची कुटुंबे पडदे बांधून राहिली. पुढे तिथे बालवाडी आली, वाण्याचे दुकान आले, काही वर्षे ग्रामपंचायतीची कचेरी होती, आणि वरच्या मजल्यावरच्या मोठ्या दालनात गावातल्या सगळ्या लग्नांचे नाच झाले. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर दुकान गेले, बालवाडी गेली, घर तेवढे उरले. रविवारी फिरायला निघालेली म्हातारी माणसे आमच्या फाटकाशी थांबत आणि आत येऊ का, असे न विचारता आत येत. एका बाईने मावशीच्या स्वयंपाकघरात उभे राहून चुलीच्या जागेकडे बोट दाखवले आणि म्हणाली, “इथे माझा मोठा मुलगा झाला.” मावशीने तिला खुर्ची दिली, चहा दिला. ती गेल्यावर मावशी मला म्हणाली, “आपण इथले भाडेकरू आहोत असं समजायचं, म्हणजे त्रास होत नाही.” कायद्याच्या दृष्टीने हे साफ चूक होते, आणि मी ते तिला तिथल्या तिथे सांगितले.

खाण्यापिण्याची आबाळ त्या घरात कधीच झाली नाही. मावशी राईच्या पिठाची थालीपिठे लावी; ती काळपट होत आणि तव्याला चिकटत, पण काका त्यांवर लोण्याचा गोळा ठेवून डोळे मिटून खात आणि ही आपल्या आईच्या सोडा घालून केलेल्या पावाची चुलतबहीण आहे असे म्हणत. बाजारच्या क्वार्कचे, म्हणजे तिकडच्या चक्क्याचे, श्रीखंड होई, बाटलीतल्या ताकाची कढी होई, आणि बटाटा हा तिन्ही देशांचा मिळून एकच कुलस्वामी असल्याने त्याची पूजा रोज होई. उपासाच्या दिवशी मावशी साबुदाण्याऐवजी बटाटाच करी आणि काका विचारीत, “मग हा उपास कसा?” “तुमच्या आयर्लंडात बटाटा पिकला नाही तेव्हा दुष्काळात माणसं मेली, आमच्याकडे बटाटा असला की उपास,” ती म्हणे. काका यावर खरेच हसत. स्वयंपाकघरात फरशांची उंच शेगडी होती. तिच्यात सकाळी घातलेली लाकडे दुपारपर्यंत ऊब देत, आणि आम्ही तिघे थंडीचे चार महिने त्या एका खोलीत जगत असू. बाकीच्या घरात माळ्यावरून धावणाऱ्या मुंगसासारख्या एका जनावराची पावले ऐकू येत. तिकडे त्याला मार्डर म्हणतात. आणि पाऊस आला की भांडी वाजत.

भांड्यांचे सांगायला हवे, कारण सगळे तिथेच आहे. छप्पर गळत होते. थोडेथोडके नव्हे, साऱ्या अंगाने. मावशीने पुण्याहून वेळोवेळी आणलेली पातेली, परात, दोन कळश्या, एक पुरणाचे जाडबुडाचे भांडे, सगळे वरच्या मजल्यावर ठिकठिकाणी मांडलेले असे. काका पावसात जिना चढून जात आणि प्रत्येक गळतीखालचे भांडे बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवून ठेवीत. परातीचा आवाज त्यांना खपत नसे, म्हणून तिच्यात पंचा टाकीत. हे सगळे ते आजाऱ्याच्या उशाशी बसावे तशा शांतपणे करीत. आणि त्याच वेळी खालच्या मजल्यावरच्या जेवणघरात, त्यांनीच आणलेला एक गिलाव्याचा कारागीर शिडीवर पाठ टेकून छतावर चुन्याच्या द्राक्षांची नक्षी पुन्हा उठवत असे. भिंतींना रंग झाला होता, खिडक्यांना नव्या काचा बसल्या होत्या, दारांच्या पितळी मुठी उजळल्या होत्या. वरून पाणी येत होते आणि खाली द्राक्षे पिकत होती.

मी कायदा शिकलेला तरुण असल्याने आल्यानंतर दुसऱ्याच दिवशी घराचा विक्रीकरार वाचायला मागितला. काकांनी तो निमूटपणे काढून दिला. घर त्यांना नाममात्र एका मार्काला मिळाले होते, आणि अट स्वच्छ होती: ठरलेल्या मुदतीत छप्पर दुरुस्त झाले पाहिजे, न झाल्यास घर ग्रामपंचायतीकडे परत जाईल आणि केलेल्या खर्चाबद्दल काहीही मागता येणार नाही. द्राक्षांचा करारात उल्लेख नव्हता. मुदत पुढच्या वर्षाच्या अखेरीस संपत होती.

“काका, सगळं सोडा आणि आधी छप्पर करा.”

“करणार आहे.”

“केव्हा?”

“जेवणघर एकदा होऊ दे.”

जेवणघर झाले तेव्हा जिना निघाला, जिना झाला तेव्हा पुस्तकांची खोली निघाली. सुतारांचा मुख्य, लेमान नावाचा एक तांबड्या मिशांचा माणूस, दर दोन महिन्यांनी येई, कॉफी पिई, छपराकडे पाहून मान हलवी आणि जाई. पैसे नव्हते असेही नाही. हायडेलबर्गच्या जागेचे पैसे छपरासाठीच बाजूला ठेवलेले होते. मला हे कोडे उलगडेना. ते उलगडले एका दुपारी बटाटे सोलताना, आणि उलगडून दाखवण्याचा काकांचा मुळीच हेतू नव्हता. मावशीने सहज विचारले होते, की तुमच्या गावाकडच्या घराला कौले होती की पत्रे.

“दगडी पाट्या होत्या. आणि वळचणीला शिसं,” ते म्हणाले. “मी नऊ-दहा वर्षांचा असेन. वडिलांनी मला हाताला धरून हिरवळीवर नेऊन उभं केलं आणि म्हणाले, बघ. जे करायचं ते तोंड फिरवून करू नये. शहरातून माणसं आली होती. त्यांनी आधी शिसं काढलं, मग पाट्या, मग वासे. माझ्या खोलीची निळी भिंत बाहेरून दिसायला लागली. तिच्यावर पाऊस पडायला लागला.”

“पण कशासाठी?” मी विचारले.

“घरपट्टी. छप्पर असेल तर घर, आणि घर असेल तर पट्टी. छप्पर उतरवलं की कायद्याच्या लेखी नुसत्या भिंती. आमच्याकडे त्या काळात अशी कितीतरी मोठी घरं त्यांच्याच मालकांनी उघडी केली. काही त्याआधी लोकांनी जाळली होती. राहिलेली आम्ही स्वतः मारली.”

“आणि जमीन?”

“ती आधीच गेली होती. सरकारने घेतली आणि कुळांना वाटली. बरोबर केलं. आमच्या पूर्वजांनी ती त्यांच्याच पूर्वजांकडून घेतली होती, आणि विचारून घेतली नव्हती.”

“म्हणजे आपला कूळकायदाच की रे, अवी!” मावशी म्हणाली. “तुझ्या आजोबांची, नानांची, नाही का गेली सगळी? फक्त नानांनी घराची कौलं नाही काढली.”

“त्यांना घरपट्टी किती होती?” काकांनी विचारले.

“काय माहीत! नाना ती कधी भरतच नव्हते.”

आम्ही तिघेही हसलो. पण हसता हसता मावशीचा सोलणारा हात थांबला होता. जुने छप्पर दुरुस्त करायचे तर आधी कौले उतरवावी लागतात. दुसरी रीत नाही. त्या घरावरची कौले कोणीतरी एकेक करून खाली देतो आहे, हे काकांना बघवणार नव्हते. म्हणून ते छताला द्राक्षे लावीत होते. हे त्यांना स्वतःला ठाऊक होते की नाही, ते मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही.

पुढे एका रविवारी जेवताना वरून चुन्याचा एक भला थोरला घोस, पाने आणि देठासकट, सुटला आणि कढीच्या पातेल्यात पडला. कढी भिंतीपर्यंत उडाली. काकांच्या टोपीवर मोहरी लागली. मग काकांनी चमच्याने तो घोस बाहेर काढला, बशीत ठेवला आणि म्हणाले, “चिकटवता येईल.” मावशी उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. मी मागोमाग गेलो तेव्हा ती शेगडीकडे तोंड करून बोलत होती. “मी त्यांना घेऊन जाते. डोळ्यांचं करायचंच आहे. हायडेलबर्गचे डॉक्टर जुने, ओळखीचे. दोन्ही डोळे होईपर्यंत दीड महिना सहज जाईल. तू लेमानला बोलाव. सही मी करते. चालते ना माझी सही?”

“तू सहमालक आहेस. चालते.”

“मग झालं. परत येतील तेव्हा नवं छप्पर असेल. मधलं त्यांनी कशाला बघायला हवं? पोराला टोचायचं असलं की आपण नाही का त्याला खिडकीतला कावळा दाखवत?”

तसेच झाले. माझा तिथला दुसरा शरद ऋतू लागला होता. तळ्यावरून क्रौंचांचे थवे ओरडत दक्षिणेला जात होते, आणि काका मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी निघाले होते. बस येईपर्यंत ते छपराकडे पाहत उभे होते. डोळ्यांत सारे धूसर असल्याने ते नेमके काय पाहत होते कोण जाणे. मला म्हणाले, “परातीत पंचा टाकायला विसरू नकोस.” मी हो म्हटले. दुसऱ्या दिवशी लेमान आणि त्याची चार माणसे आली, परांची बांधली, आणि कौले उतरू लागली. खालून वर पाहिले की वाशांच्या फटींतून ढग सरकताना दिसत. कौलांच्या चळती अंगणात रांगेने लागल्या. हवा सहा दिवस कोरडी राहिली, आणि लेमान येता-जाता शिट्टी वाजवीत असे. सातव्या दिवशी त्याने मला वर बोलावले. त्याने खिशातला चाकू काढला आणि मुख्य तुळईच्या टोकात खुपसला. पाते मुठीपर्यंत आत गेले, जसे भिजलेल्या पावात जावे.

“आल्झो, हे असं आहे,” तो म्हणाला, “बुरशी. ही टोकं सगळी गेली. कौलं बदलायची परवानगी आहे माझ्याकडे. तुळया बदलायची नाही. जुनी वास्तू म्हणून नोंद आहे, त्याला वेगळी परवानगी लागते.”

“मग काढू या.”

त्याने माझ्याकडे दयेने पाहिले. “तू तरुण आहेस,” तो म्हणाला.

जिल्ह्याच्या बांधकाम कचेरीतून एक गृहस्थ आले, त्यांनी फोटो काढले, आणि फाटकावर काम बंद ठेवण्याचा आदेश चिकटवून गेले. तज्ज्ञाचा अहवाल आल्याशिवाय खिळाही ठोकायचा नाही. तज्ज्ञ रजेवर होते. तज्ज्ञ आले तेव्हा पुरातत्त्व खात्याच्या बाई रजेवर गेल्या. बाई आल्या तेव्हा अहवालात एक नकाशा कमी निघाला. या प्रत्येक टप्प्याला मी पत्र लिहिले. कोशाच्या मदतीने, एकेक विभक्ती तपासून, अत्यंत सभ्य जर्मनमध्ये लिहिलेली ती माझी पहिली पत्रे. भाषेची परीक्षा मी पुढे उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालो, त्याचे सारे श्रेय त्या बांधकाम कचेरीला जाते, आणि हेही मी त्यांना पुढे कळवले. लेमानने छपरावर ताडपत्र्या ताणून बांधल्या. नोव्हेंबरच्या वाऱ्याने त्या फाडल्या. त्याने पुन्हा बांधल्या. मग पाऊस थेट जेवणघरात आला आणि द्राक्षांचे मळे एकापाठोपाठ एक खाली आले. पातेल्यांचा आता काही उपयोग नव्हता. मी ती उचलून, पुसून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

मावशीला मी फोनवर सगळे सांगत होतो. ती ‘हं’ म्हणे. काकांना तिने सांगितले नव्हते. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली आणि त्यांनी घरी जायचा धोशा लावला तेव्हाही तिने सांगितले नाही. सांगायचे कसे ते तिला सुचेना, असे ती मला नंतर म्हणाली. बसमधून आधी काका उतरले. टोपी नव्हती, चष्मा नव्हता. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्यांना लांबचे स्वच्छ दिसत होते. ते फाटकापर्यंत चालत आले आणि थांबले. वाशांवर फाटकी ताडपत्री फडफडत होती, आणि वरच्या मजल्याच्या हिरव्या भिंती बाहेरून, रस्त्यावरून दिसत होत्या. मी मनात कायद्याच्या चार वाक्यांची जुळवाजुळव करून पुढे झालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. मावशी सामान घेऊन मागून आली तेव्हा ते तिला, आवाज न चढवता, म्हणाले, “माझ्या वडिलांनी मला निदान हाताला धरून दाखवलं होतं.”

नंतर ते आत गेले आणि शेगडी पेटवू लागले. त्या संध्याकाळी आम्ही भात आणि बटाट्याची भाजी खाल्ली. मावशीने वाढताना विचारले, “आणखी घालू?” ते म्हणाले, “पुरे.” पुढच्या काही आठवड्यांत त्या दोघांत यापेक्षा जास्त बोलणे झाल्याचे मला आठवत नाही. भांडणही झाले नाही. मी भांडणाची वाट पाहत असे. रात्री अंथरुणात पडून मीच दोघांच्या वतीने भांडत असे, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद करून. आणि सकाळी उठून पाहावे तर काका शेगडीत लाकडे घालत आहेत आणि मावशी पीठ भिजवत आहे. घर गार पडत गेले. आम्हीही गार पडत गेलो असे म्हणता येईल, फक्त तेव्हा ते जाणवत नव्हते. बोटे बधिर झाली की ती दुखायची थांबतात, तसे.

वर्ष संपले आणि मुदत संपली. ग्रामपंचायतीचे पत्र अगदी वेळेवर आले. त्या एका बाबतीत मला तक्रारीला जागा नाही. सरपंचांना भेटायला मी काकांना अक्षरशः ओढत नेले. तिकडे त्यांना बुर्गरमाइस्टर म्हणतात, पण मावशी त्यांना सरपंचच म्हणे आणि ते शोभूनही दिसे. साठीचा, रुंद पंजांचा माणूस. त्याने आम्हांला कॉफी दिली. मी म्हणालो, “काम तुम्हीच थांबवलंत, आणि काम झालं नाही म्हणून घरही तुम्हीच घेता आहात. ज्याने अडसर घातला त्याला अडसराचा फायदा घेता येत नाही. हे तुमच्याच कायद्यात लिहिलेलं आहे.”

“काम जिल्ह्याने थांबवलं,” सरपंच म्हणाला. “आम्ही ग्रामपंचायत. जिल्हा वेगळा.”

“जिल्ह्याची कचेरी याच इमारतीत वरच्या मजल्यावर आहे!”

“गेनाऊ, अगदी बरोबर. वरच्या मजल्यावर. हा खालचा.”

मी उठून उभा राहिलो होतो. काकांनी माझ्या बाहीला धरून मला खाली बसवले. सरपंच मग काकांकडे वळला आणि त्याचा सूर बदलला. “माझी आई त्या घरात हिरव्या खोलीत राहिली, डेक्लनसाहेब. निर्वासित म्हणून. मी तिथे चालायला शिकलो. ते छपराशिवाय आणखी एक हिवाळा मी बघू शकत नाही. एक हॉटेलवाला तयार आहे. तो लगेच छप्पर घालेल.”

“लगेच?” काकांनी विचारले.

“वसंतात.”

“मग ठीक आहे,” काका म्हणाले, आणि त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. किल्ल्या घ्यायला आम्ही तिथे गेलो नव्हतो, द्यायलाही गेलो नव्हतो. त्या दिवशी द्यायची काहीही गरज नव्हती. आणखी तीन महिने त्यांना कोणी हात लावू शकले नसते. मी हे ओरडून सांगितले, आधी जर्मनमध्ये, मग इंग्रजीत, आणि शेवटी मराठीत, जे त्या खोलीत दोघांनाच कळत होते. काकांना कळले, पण ते उठून दाराकडे चालू लागले होते.

मी हे शांतपणे लिहितो आहे असा कोणाचा समज होत असेल तर तो दुरुस्त करतो. हॉटेलवाल्याने वसंतात छप्पर घातले नाही. त्याच्याशी केलेल्या करारातही तीच मुदतीची अट होती, शब्दशः तीच. ती मुदत संपली, आणि ती कोणाच्याही लक्षात आली नाही. मी लक्षात आणून दिली. एकदा नव्हे, वर्षानुवर्षे, पोचपावतीसह. उत्तरे आली, की सदर बाब विचाराधीन आहे. मधल्या काळात तुळया कोसळल्या, वरचा मजला खालच्यात गेला, आणि भोवती ‘आत जाऊ नये’ अशी पाटी लावलेले तारेचे कुंपण आले. सरपंच निवृत्त झाला. मी ऐकतो की तो त्या बाजूला फिरायला जात नाही. हे ऐकून मला बरे वाटायला हवे होते. तसे काही वाटले नाही.

पण मला सांगायचे आहे ते त्याआधीचे. किल्ल्या दिल्यानंतर काका आणि मावशी श्वेरिन शहरात एका जुन्या सरकारी चाळवजा इमारतीत राहायला गेली होती, आणि मी बर्लिनला शिकत होतो. ग्रामपंचायतीवर दावा लावता येत होता. माझ्या प्राध्यापकांनी कागद पाहून, दावा भक्कम आहे, असे सांगितले होते. पण वकील शोधून तो तयार होईपर्यंत वेळ गेला, आणि दावा दाखल करण्याची अखेरची तारीख अगदी अंगावर आली. त्या दिवशी सकाळच्या गाडीने मी सगळा दावा टंकलिखित करून घेऊन श्वेरिनला गेलो. दोन सह्या हव्या होत्या. मावशीने दारातच सही केली, हातातले पीठ पदराला पुसून. काका बैठकीच्या खोलीत खिडकीशी बसले होते. जागा तळमजल्यावरची होती आणि बुटक्या छताची. त्या इमारतीत वरच्या मजल्यांवरच्या हवेशीर जागा रिकाम्या होत्या, तरी त्यांनी हीच मागून घेतली होती.

“ही कशाला घेतलीत?” मी विचारले. “अंधार आहे.”

त्यांनी वर बोट केले. “आमच्यावर पाच बिऱ्हाडं आहेत. छप्पर कुठेतरी त्यांच्याही वर आहे.”

मी कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि कलमानुसार सारे समजावून सांगितले. ते लक्ष देऊन ऐकत होते. मध्ये दोनदा त्यांनी अगदी नेमका प्रश्न विचारला. मला वाटले, जमले. मी पेन उघडून त्यांच्या हातात दिले.

“दावा भक्कम आहे म्हणतोस.”

“प्राध्यापक म्हणतात. मीही म्हणतो.”

“म्हणजे आपण जिंकू.”

“जिंकूच, काका.”

“आणि जिंकलो तर काय होईल?”

“तर घर तुम्हांला परत मिळेल.”

“गेनाऊ,” काका म्हणाले.

त्यांनी पेनाचे टोपण लावले आणि ते पेन माझ्या शर्टाच्या खिशात, नीट, क्लिप बाहेर ठेवून, अडकवून दिले. वरच्या बिऱ्हाडात कोणीतरी खुर्ची ओढली. काकांनी मान वर करून तो आवाज ऐकला आणि, “वरची परिचारिका. रुग्णालयातून घरी आली ती,” असे मला ओळख करून द्यावी तसे सांगितले. मी मावशीकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. ती स्वयंपाकघरात गेली. न्यायालयाची कचेरी दोन रस्ते सोडून होती. धावत गेलो असतो तर पोचलो असतो, पण एका सहीनिशी काही होणार नव्हते. मी मांडीवर कागद घेऊन बसून राहिलो. कचेऱ्या बंद होण्याची वेळ झाली तेव्हा आत मावशीने वरणाला फोडणी दिली, आणि काका उठून मला म्हणाले, “जेवायला चला.”